जास्त घाम येत असेल तर उपचार कोणते आणि ते कोणत्या क्रमाने करावेत

पुण्यात जानेवारीच्या पहाटे स्वेटर घालून बसलेल्या माणसाच्या तळहातातून घाम ठिबकत असेल, तर त्या घामाचा हवेतल्या उकाड्याशी संबंध नाही हे सांगायला वैद्य लागत नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी जेवढा घाम आवश्यक असतो त्याहून कितीतरी अधिक घाम येण्याच्या या अवस्थेला वैद्यकात हायपरहायड्रोसिस म्हणतात. घरात मात्र ‘मुलगा भित्रा आहे’ किंवा ‘अंगात उष्णता आहे’ एवढ्यावर विषय मिटतो, आणि ज्याची उत्तरपत्रिका ओली होऊन शाई फुटते, ज्याचा अंगठा हजेरीच्या यंत्रावर उमटत नाही, तो खिशात दोन रुमाल ठेवून वर्षे काढतो. सब्जा, गुलकंद, वाळ्याचे पाणी हे उन्हाळ्यात सुखावह असले, तरी तळहातावरच्या घामग्रंथींना त्याचा पत्ताही लागत नाही. या ग्रंथी शरीरावर साधारण २० ते ४० लाख असतात आणि तळहात, तळपाय व कपाळ येथे त्यांची दाटी सर्वांत जास्त असते. हायपरहायड्रोसिसमध्ये ग्रंथींची संख्या वाढलेली नसते. त्यांना घाम सोडण्याचा आदेश देणाऱ्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढलेली असते. हे लक्षात घेतले की पुढचे बहुतेक उपचार काय करतात ते समजणे सोपे जाते, कारण ते एक तर घाम बाहेर येण्याची वाट अडवतात, नाही तर हा आदेश अडवतात.

आधी घामाचा प्रकार ओळखावा

उपचार निवडण्यापूर्वी हा घाम स्वतंत्र आहे की दुसऱ्या एखाद्या आजाराचे लक्षण आहे, हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे आहे. स्वतंत्र, म्हणजे प्राथमिक प्रकाराची चिन्हे बरीच ठळक असतात. तो बहुधा लहानपणी किंवा वयाच्या पंचविशीच्या आत सुरू होतो. तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा अशा ठरावीक जागी येतो. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच येतो. आठवड्यातून निदान एकदा तरी कामात व्यत्यय आणतो. आणि अनेकदा आईवडील, काका, मावशी यांपैकी कोणाला तरी तोच त्रास असतो. सर्वांत उपयोगी खूण म्हणजे झोपेत हा घाम थांबतो. स्वतःला ते कळणार नाही, म्हणून घरातल्या कोणाला तरी मध्यरात्री तळहाताला हात लावून पाहायला सांगावे. असा घाम सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ येत असेल आणि वरची बहुतेक चिन्हे जुळत असतील, तर निदानासाठी फारशा तपासण्या लागत नाहीत.

याउलट, घाम मोठेपणी नव्याने सुरू झाला असेल, सर्वांगाला येत असेल, रात्री अंथरूण भिजवत असेल किंवा शरीराच्या एकाच बाजूला येत असेल, तर घाम थांबवण्याच्या मागे न लागता कारण शोधावे. वजन कमी होणे, छातीत धडधड आणि हातांना कंप असेल तर थायरॉइड तपासावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्रीचा घाम असे त्रिकूट जमले तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य होते. मानेत किंवा काखेत गाठी लागत असतील तरीही डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये. चाळिशीनंतरच्या स्त्रियांमध्ये पाळी जाण्याच्या सुमारास अचानक अंग तापून घाम फुटतो, त्याचे उपचार वेगळे आहेत. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्या व्यक्तीला थरथर, भूक आणि घाम एकाच वेळी जाणवले तर साखर उतरलेली असू शकते, म्हणून लगेच साखर किंवा गोड पेय घ्यावे. नैराश्यावरची काही औषधे आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकेही घाम वाढवतात. मात्र ती परस्पर बंद करू नयेत, यादी करून डॉक्टरांना दाखवावी. छातीत दुखून थंडगार घाम फुटला तर हे मार्गदर्शन बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रकार ठरला की तीव्रता ठरवावी. त्वचारोगतज्ज्ञ त्यासाठी चार पायऱ्यांची एक साधी मोजपट्टी वापरतात. घाम लक्षातही येत नाही ही पहिली पायरी, सोसवतो पण कधी कधी आड येतो ही दुसरी, जेमतेम सोसवतो आणि वारंवार आड येतो ही तिसरी, तर अजिबात सोसवत नाही आणि सतत आड येतो ही चौथी. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे तारीख घालून लिहून ठेवावे, कारण उपचार सुरू केल्यावर फरक पडला की नाही हे आठवणीवर सोडले तर हमखास चुकते.

पहिला उपचार : अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, आणि तो लावण्याची रीत

काखेतल्या घामासाठी पहिला उपचार अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेट हाच आहे. औषधाच्या दुकानात तो साधारण २० टक्के तीव्रतेच्या द्रावणाच्या किंवा रोल-ऑनच्या रूपात मिळतो. दुकानातून आणताना एक गफलत टाळावी. डिओडरंट केवळ वास झाकतो किंवा वास निर्माण करणारे जिवाणू कमी करतो. घाम कमी करणारे द्रव्य अँटिपर्स्पिरंटमध्ये असते. सुगंधी फवाऱ्यांच्या अनेक बाटल्यांत ते मुळीच नसते, म्हणून वेष्टनावर ‘अ‍ॅल्युमिनियम’ हा शब्द शोधावा.

‘लावून पाहिले, काही झाले नाही’ असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांचे औषध चुकलेले नसते, वेळ चुकलेली असते. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामग्रंथीच्या नळीच्या तोंडाशी बसून तेथे बूच तयार करतात, आणि ते बूच बसण्यासाठी नळीतून घाम वाहत नसणे आवश्यक असते. सकाळी आंघोळ करून, घाईत, ओलसर काखेत हे द्रावण लावले तर दहा मिनिटांत येणाऱ्या घामाबरोबर ते वाहून जाते. म्हणून ते रात्री निजताना लावावे. काख धुऊन टॉवेलने पुसावी, नंतर दहा-पंधरा मिनिटे पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यावी, पातळ थर द्यावा, तो वाळू द्यावा आणि मगच कपडे घालावेत. सकाळी साध्या पाण्याने धुऊन टाकावे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळी हवेत कातडी कोरडी होणे हेच अवघड असते, तेव्हा हेअर ड्रायरची थंड हवा वापरल्यास काम सोपे होते. पहिले काही दिवस रोज रात्री लावावे, घाम आटोक्यात आला की एक दिवसाआड आणि पुढे आठवड्यातून एक-दोन वेळा पुरते. दोन ते चार आठवडे नेमाने वापरल्याशिवाय ‘उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

खाज आणि जळजळ ही या औषधाची मुख्य अडचण आहे. ओल्या त्वचेवर ते पाण्याशी संयोग पावून अल्प प्रमाणात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करते, आणि आग होते ती त्यामुळे. म्हणजे कोरडेपणाचा नियम परिणामासाठी जेवढा आवश्यक, तेवढाच त्वचेसाठीही आवश्यक आहे. काखेतील केस काढल्यानंतर निदान एक-दोन दिवस ते लावू नये. तरीही आग झाली तर दोन-तीन रात्री खंड द्यावा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम थोडे दिवस वापरावे. अ‍ॅल्युमिनियममुळे स्तनाचा कर्करोग किंवा स्मृतिभ्रंश होतो अशी भीती अनेकांना वाटते, पण त्याला ठोस पुरावा मिळालेला नाही. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

तुरटीबद्दल विचारणा होते, म्हणून येथेच सांगतो. तुरटी हाही अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे आणि ती त्वचा आक्रसून घेते, त्यामुळे काखेचा वास व किंचित ओल यांवर तिचा थोडा उपयोग होतो. तीव्रतेच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर मात्र ती पुरी पडत नाही. टाल्कम पावडर तर घाम शोषून लगदा होते, एवढेच.

तळहात आणि तळपाय

तळव्यांची कातडी जाड असल्यामुळे वरचे द्रावण तेथे काखेपेक्षा कमी काम करते. रात्री लावून पाहण्यास हरकत नाही, पण तळव्यांसाठी अधिक भरवशाचा उपचार आयन्टोफोरेसिस हा आहे. नाव अवघड असले तरी कृती साधी आहे : दोन उथळ ट्रेमध्ये नळाचे पाणी घेऊन त्यात तळहात किंवा तळपाय ठेवायचे आणि पाण्यातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडायचा. हे करणारी यंत्रे त्वचारोगतज्ज्ञांकडे असतात आणि घरी वापरण्याजोगी यंत्रेही विकत मिळतात. ज्याला हा उपचार वर्षानुवर्षे करायचा आहे, त्याने आधी दवाखान्यात सहा-आठ बैठका करून परिणाम दिसतो का ते पाहावे आणि मगच यंत्र विकत घ्यावे, असे माझे मत आहे.

बैठक २० ते ३० मिनिटांची असते. सुरुवातीला आठवड्यातून तीन वेळा बसावे लागते आणि तळहातांसाठी प्रवाह हळूहळू वाढवत १५ ते २० मिलिअँपिअरपर्यंत नेतात. मुंग्या आल्यासारखे वाटते, ते अपेक्षितच असते. साधारण सहा ते दहा बैठकांनंतर तळहात कोरडे पडू लागतात. त्यानंतर आठवड्यातून एकदा, आणि पुढे प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे त्याहूनही कमी वेळा बसले तरी चालते. बसणे पूर्ण बंद केले तर काही आठवड्यांत घाम परत येतो, म्हणून याकडे दात घासण्यासारखी सवय म्हणून पाहावे.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधी काढून ठेवावे. कापलेले, सोललेले असेल तेथे व्हॅसलिनचा थर द्यावा, नाही तर तेवढ्याच जागी चटका बसतो. पाणी तळवा बुडेल एवढेच असावे. प्रवाह चालू असताना हात झटकन बाहेर काढू नये, कारण त्या क्षणी धक्का जाणवतो. आधी प्रवाह शून्यावर आणावा. आपल्याकडच्या घरांत एक गंमत हमखास घडते, ती अशी की ‘औषधी काम’ म्हणून कोणी तरी आरओचे शुद्ध पाणी ट्रेमध्ये ओततो आणि मग यंत्र चालत नाही अशी तक्रार करतो. वीज वाहून नेतात ते पाण्यातले क्षार, आणि आरओने तेच काढून टाकलेले असतात. नळाचे पाणी घ्यावे, बोअरचे जड पाणीही चालते; पाणी फारच मऊ असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून चार्जर किंवा बॅटरी जोडून घरगुती यंत्र तयार करण्याचा मोह मात्र टाळावा. जिवाशी खेळ करण्याएवढी बचत त्यात नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि फिट येणाऱ्यांनी हा उपचार घेऊ नये. हाडात सळई असेल किंवा स्त्रियांनी तांबी बसवलेली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

तळपायांच्या बाबतीत घामाइतकेच त्यामागून येणारे त्रास छळतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, बुरशी लागते. काही जणांच्या टाचेवर व चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके पडून उग्र वास येतो. हा शेवटचा प्रकार जिवाणूंमुळे होतो आणि प्रतिजैविक मलमाने बरा होतो, बुरशीच्या मलमाने नव्हे, म्हणून दुकानदाराला विचारून मलम आणण्याऐवजी डॉक्टरांना पाय दाखवावा. बुटांचे दोन जोड ठेवून ते आलटून पालटून वापरावेत, म्हणजे प्रत्येक जोड दिवसभर वाळतो. मोजे दुपारी एकदा बदलावेत आणि शक्य असेल तेथे उघडी चप्पल घालावी.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी एक सूचना येथे आवश्यक वाटते. वैद्यकीय चाचणीत तळहात व तळपायांचा ठळक अतिघाम हे अपात्रतेचे कारण ठरू शकते. तणावामुळे येणारा थोडा घाम स्वाभाविक धरला जातो. तरीही त्रास असेल तर भरतीच्या आदल्या आठवड्यात धावाधाव करण्यापेक्षा काही महिने आधीच त्वचारोगतज्ज्ञांना भेटावे.

गोळ्या आणि लावण्याची नवी औषधे

ग्रंथींना आदेश पोहोचवणारे रसायन अ‍ॅसिटिलकोलीन हे आहे, आणि त्याचे काम अडवणारी औषधे पोटातून घेता येतात. त्यांत ऑक्सिब्युटिनिन आणि ग्लायकोपायरोलेट ही दोन प्रमुख आहेत. ऑक्सिब्युटिनिन मुळात वारंवार लघवी लागण्यावरचे औषध आहे, त्यामुळे वेष्टनातला कागद वाचून डॉक्टरांनी भलतेच औषध दिले असे समजू नये. डॉक्टर ते सहसा २.५ मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. ग्लायकोपायरोलेट उपाशीपोटी घेतल्यास चांगले शोषले जाते. शरीराच्या अनेक भागांना घाम येत असेल, किंवा चेहरा व डोके यांसारख्या, ट्रेमध्ये बुडवता न येणाऱ्या जागी येत असेल, तेव्हा या गोळ्या विशेष उपयोगी पडतात.

परंतु अ‍ॅसिटिलकोलीन केवळ घामग्रंथींत काम करत नाही, म्हणून तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, जवळचे धूसर दिसणे आणि लघवी अडकणे हे त्रास ओघानेच येतात. काचबिंदूचा बंद कोनाचा प्रकार, प्रोस्टेटची वाढ किंवा मायस्थेनिया (स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार) असणाऱ्यांना ही औषधे देत नाहीत. वयस्कांमध्ये ती विसराळूपणा व गोंधळ वाढवतात. याहून मोठा धोका आपल्या हवेतला आहे. घाम ही शरीराची थंड होण्याची पद्धत आहे, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात काम करणाऱ्या माणसाचा सर्वांगाचा घाम गोळीने बंद केला तर उष्माघाताची शक्यता वाढते. शेतात, बांधकामावर किंवा भट्टीजवळ काम असेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि उन्हाळ्यापुरती गोळी थांबवावी का, हे विचारून घ्यावे.

मुलाखत, भाषण, मंचावरचे गायन अशा ठरावीक प्रसंगीच घाम फुटत असेल, तर रोजच्या गोळीऐवजी प्रसंगापूर्वी प्रोप्रॅनोलॉलची लहान मात्रा काही डॉक्टर देतात. दमा असणाऱ्यांना ती चालत नाही.

हाच आदेश फक्त त्वचेवर अडवणारी औषधेही आता आली आहेत. ग्लायकोपायरोनियमने भिजवलेल्या, त्वचा पुसण्याच्या कापडी तुकड्यांना (वाइप्स) अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, सोफपायरोनियम जेल जपानमध्ये २०२० पासून वापरात आहे. दोन्ही काखेसाठी आहेत. असे औषध लावल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नयेत, अन्यथा बाहुली विस्फारून कित्येक तास धूसर दिसते.

बोटुलिनमची इंजेक्शने

द्रावणाने काखेचा घाम थांबला नाही तर पुढची पायरी बोटुलिनम टॉक्सिनची आहे. सुरकुत्यांसाठी वापरले जाते तेच हे औषध. काखेच्या अतिघामासाठी त्याला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. ते मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडूच देत नाही. आधी काखेत आयोडिन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरतात. घाम येतो तेवढीच जागा गडद निळी-जांभळी होते आणि सुई कोठे टोचायची ते दिसते. नंतर एका काखेला साधारण ५० युनिट औषध दहा-पंधरा ठिकाणी, कातडीतच, अगदी बारीक सुईने देतात. परिणाम काही दिवसांत जाणवू लागतो, दोन आठवड्यांत पुरा होतो आणि बहुतेकांमध्ये चार महिने ते वर्षभर टिकतो. खर्च प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो, ही याची खरी मर्यादा आहे. लग्नाआधी घ्यायचे असेल तर मुहूर्ताच्या आदल्या दिवशी न जाता तीन-चार आठवडे आधी जावे.

तळहातावर हीच इंजेक्शने देता येतात, पण तेथे ती बरीच दुखतात, म्हणून बर्फ लावून किंवा मनगटाशी नस बधिर करून देतात. शिवाय अंगठ्याची पकड काही आठवडे सैल पडू शकते. शिवणकाम करणारी व्यक्ती, तबलावादक, घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर यांनी दोन्ही हातांवर एकाच दिवशी इंजेक्शने घेण्यापूर्वी याचा विचार करावा. गरोदरपणात आणि मायस्थेनियामध्ये हा उपचार देत नाहीत.

कायमचे उपाय

काखेपुरता कायमचा उपाय मायक्रोवेव्ह उपचाराने होतो. या लहरींच्या उष्णतेने कातडीखालच्या घामग्रंथी नष्ट होतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. एक-दोन बैठका लागतात, नंतर काही दिवस सूज व हुळहुळेपणा राहतो आणि काहींना काखेत किंवा दंडाच्या आतल्या बाजूला काही काळ बधिरपणा जाणवतो. यंत्र महाग असल्याने ही सोय मोठ्या शहरांतच शोधावी लागते.

छातीतून दुर्बिणीने करायची सिम्पॅथेक्टॉमी ही शस्त्रक्रिया मात्र शेवटची आहे, आणि ‘एका दिवसात कायमची सुटका’ अशा शब्दांत तिची जाहिरात वाचून कोणी तिला पहिली करू नये. यात संपूर्ण भूल देऊन, बरगड्यांमधल्या लहान छेदांतून आत शिरून, हातांच्या घामाचा आदेश नेणारी मज्जातंतूची साखळी कापतात किंवा तिला चिमटा लावतात. तळहात त्याच दिवशी कोरडे होतात, हे खरे आहे. परंतु बहुसंख्य रुग्णांमध्ये त्यानंतर पाठ, पोट, मांड्या अशा जागी भरपाईचा घाम येऊ लागतो. अनेकांना तो किरकोळ वाटतो, तर काहींना दिवसातून दोन-तीनदा सदरा बदलावा लागतो आणि मूळचा त्रास बरा होता असे वाटते. कापलेला मज्जातंतू पूर्ववत जोडण्याची खात्रीची पद्धत नाही. क्वचित एका डोळ्याची पापणी उतरते व बाहुली लहान होते.

म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर सही करण्यापूर्वी शल्यचिकित्सकांना विचारावे की ते साखळी कोणत्या पातळीवर कापणार आहेत, त्यांच्या स्वतःच्या रुग्णांपैकी किती जणांना भरपाईचा घाम त्रासदायक झाला, आणि आधीचे कोणते उपचार पुरेसा काळ करून पाहिले गेले. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुग्णाच्या वहीतच सापडायला हवे : द्रावण किती आठवडे व कोणत्या वेळी लावले, यंत्रावर किती बैठका झाल्या, गोळीची मात्रा कोठपर्यंत नेली. मुख्य तक्रार तळपायांची असेल तर ही छातीची शस्त्रक्रिया त्यासाठी नाहीच. कमरेच्या पातळीवरची वेगळी शस्त्रक्रिया असते, पण पुरुषांमध्ये तिच्यामुळे वीर्यस्खलनाची अडचण उद्भवू शकते, म्हणून तरुणांच्या बाबतीत तिचा विचार फार क्वचित करतात.